नाव ठेवण्याचा अधिकार

गेल्या मार्गशीर्षात आमच्या घरी नात जन्मास आली. बाळ-बाळंतीण रुग्णालयातून घरी येण्याआधीच नावांची एक यादी घरात येऊन पोचली. चिरंजीवांनी ती व्यवस्थित छापून आमच्या हाती दिली. डाव्या बाजूस नाव, उजव्या बाजूस अर्थ. ईरा, दिया, रिया, मीरा, सिया, मायरा, सई अशी पंचवीस-तीस नावे. बहुतेक दोन अक्षरी, फार तर तीन. सोबत अटीही होत्या. नाव लहान असावे. मराठी, तेलुगू व इंग्रजी या तिन्ही भाषांत सहज उच्चारता यावे. आणि त्याला चांगला अर्थ असावा. आमची सून तेलुगू आहे, तेव्हा मधली अट रास्तच होती. शासकीय सेवेत उभा जन्म निविदांच्या अटी वाचण्यात गेल्यामुळे आम्ही त्या यादीकडेही तशाच नजरेने पाहिले असावे, कारण आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, नात आहे, कंत्राट नव्हे."

आमची स्वतःची अट मात्र वेगळी होती. मुलीचे नाव गोदावरी ठेवावे, असे आम्ही मनाशी पक्के केले होते. त्याचे कारण पुढे येईल. या दोन अटींची जी टक्कर झाली तिच्यातून एक प्रश्न आम्हांपुढे उभा राहिला. मनुष्याची स्वतःची म्हणावी अशी पहिली वस्तू म्हणजे त्याचे नाव. ती त्याने मागितलेली नसते, निवडलेली नसते, आणि तिचा वापरही बहुधा इतरच करतात. अशी वस्तू दुसऱ्यावर आयुष्यभरासाठी लादण्याचा अधिकार नाव ठेवणाऱ्यास कोठून मिळतो, आणि त्या अधिकारासोबत कोणते कर्तव्य येते? मराठीत 'नाव ठेवणे' आणि 'नावे ठेवणे' यांत एका मात्रेचे अंतर आहे. ते अंतर वाटते त्याहून कमी आहे, हे या विचारात पडल्यावर आम्हांस कळले.

प्रथम आम्ही शास्त्राचा आधार शोधला. वादात वडीलधारी माणसे तेच करतात. पारस्कर गृह्यसूत्रात मुलाच्या नावात दोन किंवा चार अक्षरे असावीत, मुलीच्या नावात मात्र ती विषम असावीत, असे सांगितले आहे. म्हणजे यादीतील दोन अक्षरी नावे एका फटक्यात बाद. आम्हांस मोठा आनंद झाला. पण तो टिकला नाही. हाच नियम लावला तर उमा, रमा, सीता, गौरी ही सर्व नावे बाद होतात. देव्हाऱ्यातील निम्मी दैवते परीक्षेत नापास! शिवाय आमच्या मनातील 'गोदावरी'चीही अक्षरे चारच. मनुस्मृतीकडे वळलो, तर तिच्या दुसऱ्या अध्यायात स्त्रियांची नावे उच्चारास सोपी, अर्थ उघड असलेली, मनास रुचणारी आणि मंगल असावीत, असे म्हटलेले आढळले. ही तर अक्षरशः चिरंजीवांची यादी! आणि त्याच ग्रंथाच्या तिसऱ्या अध्यायात नक्षत्र, वृक्ष, नदी, पर्वत, पक्षी यांची नावे असलेल्या मुलीशी विवाह करू नये, अशीही आज्ञा आहे. महाराष्ट्राने ती आज्ञा कधी मनावर घेतलेली दिसत नाही. रोहिणी, रेवती, गंगा, यमुना, कृष्णा, गोदावरी या नावांच्या मुली घरोघरी जन्मल्या, नांदल्या, आज्या झाल्या. लोकांनी शास्त्र वाचले नाही असे नव्हे. पाळण्यापाशी ते बाजूस ठेवले, एवढेच. आम्हीही ते मिटून ठेवले.

दुसरा आक्षेप आम्ही लांबीवरून घेतला. हल्लीचे आईबाप परक्यांच्या जिभेच्या सोयीसाठी मुलींची नावे कापून लहान करतात, असे आमचे म्हणणे होते. परंतु आपल्या या शहरात राहिलेल्या मराठी माणसाने हे म्हणताना जरा मागे वळून पाहिले पाहिजे. निजामाच्या राज्यात आपल्या आज्या-पणज्यांची नावे सरकारी दप्तरात उर्दू लिपीत चढली. त्या लिपीत ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत. वाचणाऱ्याने ते अंदाजाने जाणायचे. आपला 'ळ' तिच्यात नाही, म्हणून घरची कमळा दप्तरात कमला झाली. पुढे तेलुगू भाषिकांच्या राज्यात 'ळ' परत मिळाला, पण नावांचा क्रम उलटला. तेलुगू रीतीत घराण्याचे नाव, ज्याला ते 'इंटि पेरु' म्हणतात, आधी येते आणि व्यक्तीचे नाव नंतर. आपल्या रीतीत स्वतःचे, मग वडिलांचे वा पतीचे, मग आडनाव. एका रीतीचा अर्ज दुसऱ्या रीतीच्या कारकुनाच्या हाती गेला की वडिलांचेच नाव आडनाव होऊन बसे. असे दुरुस्तीचे अर्ज आम्ही आमच्या टेबलावर शेकड्यांनी पाहिले. काचिगुडा, गौलीगुडा, शालीबंडा येथील घरांत क्वचितच असे एखादे कुटुंब असेल की ज्याच्या पेटीत एकाच माणसाची तीन तऱ्हेने लिहिलेली नावे नाहीत. परक्या जिभेची आणि परक्या लेखणीची सोय आपण तीन पिढ्या पाहत आलो. नव्या पिढीने ती आगाऊच पाहिली, तर तिला बोल लावण्याचा आपल्याला फारसा अधिकार उरत नाही.

शिवाय लहान नाव ही नवी गोष्टच नाही. घरात सरस्वतीची सरू होत असे, यमुनेची यमी, गोदावरीची गोदी. लांब नाव कागदासाठी, तोकडे नाव अंगणासाठी. ज्या नावाने मुलीस जेवायला बोलावले, रागावले, कुरवाळले, ते नेहमी दोन अक्षरांचेच होते. आजचे आईबाप अंगणातील हाक सरळ दप्तरात लिहितात. यात परकेपणा आम्हांस दिसेना. हा आक्षेपही आम्ही मागे घेतला.

उरला अर्थ. येथे तरी आपण जिंकू, अशी आमची खात्री होती. यादीत 'मायरा' या नावासमोर 'संस्कृत : प्रिय' असे लिहिले होते. आम्ही आपट्यांचा कोश काढून बसलो. त्यात तो शब्द मिळाला नाही. मोल्सवर्थमध्येही मिळाला नाही. अधिक चौकशी करता कळले की, हे नाव फुल्क ग्रेव्हिल नावाच्या एका जुन्या इंग्रज कवीने आपल्या प्रेमकवितांसाठी रचले, असे मानतात. म्हणजे कवीने घडवलेला एक गोड नाद. अर्थ मागाहून कोणीतरी चिकटवलेला. आम्ही ही बातमी विजयी मुद्रेने बैठकीत सांगितली. ज्या नावाला अर्थच नाही ते मुलीस देणे म्हणजे रिकामे पाकीट आहेर म्हणून देण्यासारखे आहे, असेही आम्ही म्हणालो.

त्या दिवशी विहीणबाई आल्या होत्या. त्या करीमनगरकडच्या. त्यांनी शांतपणे विचारले, "अर्थ असलेलं नाव म्हणजे चांगलं नाव का? माझ्या आजीचं नाव पेंटम्मा होतं."

हे नाव तेलंगणात राहणाऱ्या वाचकांस नवे नाही. 'पेंट' म्हणजे उकिरडा. ज्या घरी मुले जगत नसत, त्या घरी नवे मूल जन्मले की त्यास क्षणभर उकिरड्यावर ठेवत, पुन्हा उचलून घेत, आणि पेंटय्या किंवा पेंटम्मा असे नाव देत. असल्या टाकाऊ जिवाकडे मृत्यूचे लक्ष जाऊ नये, ही त्यामागची कल्पना. आपल्याकडचे धोंडू, दगडू, केरू, भिकू याच जातकुळीचे. शब्दकोशात पाहिले तर या नावांचे अर्थ हीन आहेत. ते देणाऱ्या आईचे काळीज पाहिले तर त्यांच्याहून अधिक मौल्यवान नाव नाही. चार लेकरे गमावलेल्या बाईने पाचव्यास यमापासून लपवण्यासाठी शोधलेली ती जागा होती. विहीणबाई म्हणाल्या, "माझी आजी ते नाव सांगताना मान ताठ ठेवायची. मी हवी होते म्हणून मला हे नाव मिळालं, असं म्हणायची."

त्या क्षणी आम्हांस सातारा आठवले. २२ ऑक्टोबर २०११ रोजी सातारा येथे एक समारंभ झाला. त्यात जिल्ह्यातील सुमारे २८५ मुलींना नवी नावे देण्यात आली. त्यांची जुनी नावे 'नकुसा' किंवा 'नकोशी' अशी होती. एका मुलीवर दुसरी, तिसरी, चौथी मुलगी झाली की तिला हे नाव ठेवायचे; म्हणजे पुढचा मुलगा होईल, अशी समजूत. त्या दिवशी काही मुलींनी आपले नवे नाव स्वतः निवडले. हा प्रकार एका जिल्ह्याचा वा एका भाषेचा नाही. तमिळनाडूत 'वेंडाम' या नावाच्या मुली आहेत. त्या शब्दाचा अर्थ 'नको' हाच. हरियाणाकडे 'भतेरी' म्हणजे 'पुष्कळ झाल्या'. आणि ज्यांना हे नावही मिळाले नाही त्यांची मोजदाद वेगळीच आहे. महाराष्ट्रात सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे २००१ च्या जनगणनेत ९१३ मुली होत्या, २०११ च्या जनगणनेत ८९४. गर्भलिंगचाचणीविरुद्ध देशातील पहिला कायदा १९८८ साली करणाऱ्या राज्याची ही गोष्ट आहे.

पेंटम्मा आणि नकुसा ही दोन नावे शेजारी ठेवून पाहावीत. दोन्हींचा कोशातील अर्थ वाईट. एकीमागे 'ही जावी न लागो' अशी विनवणी आहे; दुसरीमागे 'ही का आली' अशी तक्रार. तेव्हा नावाचा चांगुलपणा शब्दाच्या अर्थात नसून ठेवणाऱ्याच्या हेतूत असतो, असे म्हणून आम्ही हा लेख येथेच संपवला असता. पण तेवढ्याने भागत नाही. हेतू ठेवणाऱ्याच्या मनात राहतो. मुलीच्या कानी पडतो तो शब्द. शाळेत हजेरी घेताना शिक्षक हेतू वाचत नाहीत. नकुसा नाव ठेवणारे सारेच आईबाप क्रूर होते, असेही आम्ही म्हणणार नाही. कित्येकांनी त्या मुलीस पोटाशी धरूनच वाढवले असेल, रूढीने सांगितले म्हणून नाव ठेवले असेल. तरी ती मुलगी दररोज हजेरीत 'नको आहे' या शब्दाला 'हजर' असे उत्तर देत होती. म्हणून केवळ मनातला हेतू पुरत नाही. तो हेतू मुलीस सांगता आला पाहिजे. ती सात-आठ वर्षांची होऊन, "माझं नाव हे का ठेवलं?" असे विचारील तेव्हा तिच्या डोळ्यांस डोळा देऊन उत्तर देता यावे, ही आमच्या मते नावाची खरी कसोटी. पेंटम्माच्या आईला ते उत्तर देता आले. नकुसाच्या आईला देता येत नाही. आणि 'मायरा' नाव ठेवणारी आई, "बाळ, तो आवाज मला आवडला, तुला हाक मारावीशी वाटली," असे म्हणेल, तर त्यात लपवण्यासारखे काहीच नाही. पाकीट रिकामे नव्हते. आम्हीच आत पाहिले नव्हते.

ही कसोटी सापडल्यावर ती आधी स्वतःस लावणे आम्हांस भाग होते.

आमची आई गंगाखेडची. संत जनाबाईंचे हे गाव गोदावरीच्या काठी आहे. काठावरच्या मुलीस नदीचे नाव मिळाले. १९५५ साली लग्न होऊन ती गौलीगुड्यातील आमच्या घरी आली. आपल्या लग्नात एक विधी असे, अजूनही काही घरी असतो. ताटात तांदूळ पसरायचे आणि वराने अंगठीने त्यावर वधूचे नवे नाव लिहायचे. आमच्या वडिलांनी 'सुशीला' असे लिहिले. यात त्यांचे वेगळेपण काहीच नव्हते. माहेरची यमुना कुर्लेकर न्यायमूर्ती रानड्यांच्या घरी रमा झाली. माहेरची यमुना जोशांच्या घरी आनंदी झाली आणि त्याच नावाने सातासमुद्रापार जाऊन १८८६ साली डॉक्टर झाली. मनकर्णिका गोखले लक्ष्मीबाई टिळक झाल्या. इतिहासाला त्यांची दुसरी नावे ठाऊक आहेत, आणि त्या नावांना त्यांनी स्वतः मोठा अर्थ दिला. परंतु पहिल्या नावांचे काय झाले, असे सहसा कोणी विचारत नाही. मुलीचे नाव ही जणू पेन्सिलीने लिहिण्याची गोष्ट होती.

१९९८ साली वडील वारले. कुटुंब निवृत्तिवेतनाच्या कागदांत आईचे नाव सुशीला, तर तिच्या जन्मतारखेचा एकमेव पुरावा असलेल्या शाळेच्या दाखल्यावर गोदावरी. तेव्हा 'ही आणि ती एकच व्यक्ती' असे प्रतिज्ञापत्र करावे लागले. सरकारी नोकरीत असल्यामुळे मसुदा आम्हीच तयार केला. तो आम्हांस तोंडपाठच होता. सही करताना आईने चष्मा पुसला आणि विचारले, "मी मीच आहे, हे मी कोणाला सांगायचं रे?" आम्ही कागदावर बोट ठेवून, "इथे सही कर," एवढेच म्हणालो. कार्यालयाची वेळ होत आली होती.

२००९ साली ती शेवटच्या आजारात पडली. शुद्ध हरपत गेली. परिचारिका 'सुशीलाम्मा' अशा हाका मारीत होत्या. आम्ही 'आई, आई' म्हणून हाका मारल्या. तिने डोळे उघडले नाहीत. तिसऱ्या दिवशी परभणीहून तिचे थोरले भाऊ आले. तेही थकलेलेच होते. त्यांनी काठी भिंतीला टेकवली, वाकून तिच्या कानाशी म्हटले, "गोदे, मी आलोय." तिने डोळे उघडले आणि त्यांच्याकडे पाहिले. नंतर दोन दिवसांनी ती गेली. चौपन्न वर्षे आम्ही ज्या घराला तिचे घर समजत होतो, त्या घरात तिचे नाव कोणाच्याच तोंडी नव्हते. आम्हांस ते माहीत होते, दाखल्यावर वाचलेले होते; पण ते तिचे आहे, हे आम्हांस त्या दिवशी कळले.

नातीचे नाव गोदावरी ठेवण्याचा आमचा आग्रह यातून आला होता. आम्ही तो सूनबाईंस सविस्तर सांगितला. त्यांचे डोळे भरून आले, आणि आम्हांस वाटले की आता प्रश्न मिटला. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "मामय्या, राग मानू नका. हे देणं तुमचं आहे. ते हिनं का फेडायचं?"

आम्हांस राग आलाच. रात्री झोप लागली नाही. मग कसोटी आठवली. नात आठ वर्षांची होऊन विचारील, "आजोबा, माझं नाव गोदावरी का?" तर खरे उत्तर काय? "मी माझ्या आईला एकदा 'इथे सही कर' असं म्हणालो, म्हणून." हे उत्तर आम्ही तिच्या डोळ्यांस डोळा देऊन देऊ शकलो नसतो. पूर्वजांचे नाव पुढे चालवणे वाईट आहे, असे आमचे म्हणणे नाही. प्रेमाने दिलेले आजीचे नाव मुलीस सावलीसारखे होते. पण आम्ही तिला सावली देत नव्हतो. आमचे ओझे ठेवण्यास एक नवा खांदा शोधत होतो. मुलगा व्हावा म्हणून नकुसा नाव ठेवणारा बाप आपली इच्छा मुलीच्या नावात कोंबतो. आम्ही आमचा पश्चात्ताप कोंबणार होतो. दोहोंत फरक खूप मोठा आहे, हे आम्हांस मान्य आहे. तरी दोन्हींत मुलगी साधन होते, एवढे साम्य नाकारता येत नाही.

अनेकदा म्हटले जाते की, नावाप्रमाणे माणूस घडतो, म्हणून अर्थ पाहून नाव ठेवावे. आम्ही याच्या उलट पाहिले आहे. कालिदासाने 'कुमारसंभवा'त उमा या नावाची जी उपपत्ती दिली आहे ती या संदर्भात आठवते. पार्वती तपास निघाली तेव्हा आई मेनेने तिला अडवले : 'उ, मा', म्हणजे 'अगं, नको'. मुलगी गेलीच, आणि त्या दोन अक्षरांवरून तिला उमा म्हणू लागले. आपल्या परंपरेतील सर्वांत लहान आणि सर्वांत लाडक्या नावांपैकी एक नाव मुळात 'नको' आहे! हे 'नको' आणि साताऱ्याचे 'नको' यांत जे अंतर आहे, तेच आम्हांस या लेखात सांगायचे आहे. मेनेचे 'नको' पोटच्या मुलीच्या काळजीने निघाले होते. आणि त्याहूनही मोठी गोष्ट अशी की, आज उमा म्हटल्यावर 'नको' हा अर्थ कोणाच्याही मनात येत नाही. येते ती ठरवलेले पार पाडणारी मुलगी. शब्द आईचा होता, अर्थ मुलीने भरला. नाव देणाऱ्याने फक्त अक्षरे द्यायची असतात. अर्थाची जागा मोकळी ठेवणे, हेच त्याचे कर्तव्य. या दृष्टीने पाहता लहान नावात एक सभ्यपणा आहे. तिच्या आयुष्यातली फार जागा ते आधीच अडवून ठेवीत नाही.

येथे सरकारी माणूस म्हणून एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. जन्म-मृत्यू नोंदणीचा १९६९ चा कायदा आहे. त्यात जन्माची माहिती एकवीस दिवसांत द्यावी लागते, पण नाव त्याच वेळी दिले पाहिजे अशी सक्ती नाही. नावाशिवाय जन्म नोंदवता येतो, एक वर्षात नाव विनाशुल्क घालता येते, आणि विलंब शुल्क भरून पुढेही पंधरा वर्षांपर्यंत घालता येते. नोकरीत असताना ती रिकामी चौकट आम्हांस अपूर्ण कामासारखी बोचत असे. आता वाटते, कायदा आमच्याहून समंजस होता. तो म्हणतो, मूल आले याची नोंद आधी करा. त्याचे काय नाव ठेवायचे ते सावकाश ठरवा. तसेच महाराष्ट्र शासनाने २०२४ साली घेतलेला निर्णयही आम्हांस मोलाचा वाटतो. १ मे २०२४ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात आधी त्यांचे स्वतःचे, मग आईचे, मग वडिलांचे नाव आणि शेवटी आडनाव, असा क्रम शासकीय कागदांत ठरला. आपण तेलंगणात राहतो, तो नियम आपल्याला लागू नाही. पण तो वाचताना मनात आले : आमच्या काळी असा नियम असता, तर आमच्या नावापुढे कोणते नाव आले असते? तांदळावर लिहिलेले, की गंगाखेडच्या काठावर हाकारलेले?

असो. यादीतून शेवटी 'सई' हे नाव निघाले. ते सर्वांच्या पसंतीस कसे उतरले, ते सांगून थांबतो. मराठीत सई म्हणजे सखी. शिवछत्रपतींच्या पहिल्या पत्नीचे हेच नाव. सौभाग्यवतींस ते घरचे वाटले. तेलुगूत 'सै' म्हणजे 'तयार', 'कबूल'. एखाद्याने आव्हान दिले असता दुसरा 'सै' म्हणून पुढे सरसावतो. विहीणबाईंनी नाव ऐकले मात्र, आणि पाळण्यात पाहून हसत म्हणाल्या, "सै!" एका भाषेत मैत्रीण, दुसऱ्या भाषेत होकार. आम्ही कोश उघडला नाही.

तेलुगू लोक आपल्या बारशाला 'बारसाल' म्हणतात; शब्द सख्ख्या बहिणींसारखे आहेत. आम्ही दोन्ही साजरे केले. बाराव्या दिवशी आत्याने पाळण्यात वाकून कानात नाव सांगितले. एकविसाव्या दिवशी सूनबाईंच्या माहेरच्या रीतीप्रमाणे ताटात तांदूळ पसरले आणि चिरंजीवांनी अंगठीने त्यावर मुलीचे नाव लिहिले. तेच ताट, तेच तांदूळ, तशीच अंगठी. आमच्याकडे ज्या विधीने एक नाव पुसले जात असे, त्याच विधीने त्यांच्याकडे पहिले नाव लिहिले जाते, हे इतकी वर्षे या शहरात राहून आम्हांस माहीत नव्हते.

आमचे देणे आम्ही आमच्या ठिकाणी फेडायचे ठरवले आहे. पितृपक्षात आईच्या तिथीस आता दोन्ही नावांचा उच्चार करतो. भटजींनी पहिल्यांदा विचारले, "दोन व्यक्ती का?" आम्ही म्हणालो, "एकच. तिचे नाव गोदावरी. सुशीला आम्ही ठेवलेले."

सई मोठी होऊन हे नाव ठेवील, बदलील, की कोणी बदलू पाहिल्यास 'नको' म्हणेल, हे तिचे ती ठरवील. ताटातले तांदूळ सारखे करण्याचा अधिकार यापुढे तिचा एकटीचा.